चाक आणले, आता ते लावायचे कसे?

दिवाळीच्या सुमारास घरात एखादी नवी वस्तू यावी, ही आपल्याकडची जुनी चाल. कधी काळी ती शिवणाचे यंत्र असे. मग रेडिओ आला, टेलिव्हिजन आला, कॉम्प्युटर आला. ज्या घरात कॉलेजात जाणारी मुले आहेत, अशा काही घरांतून हल्ली या यादीत आणखी एका वस्तूची भर पडू लागली आहे. ती म्हणजे मोटारीचे चाक! मोटार नव्हे बरे का, नुसते चाक. टेबलाच्या काठाला ते आवळायचे, पायाशी तीन पेडल्स मांडायची, एक वायर विजेला आणि एक कॉम्प्युटरला जोडायची, आणि पडद्यावरची मोटार हाकायला बसायचे. खोके उघडताना आजोबा साहजिकच विचारतात, "अरे, आणि बाकीची मोटार केव्हा येणार?"

चाक आले की घरात दोन पक्ष पडतात. किंमत ऐकून आईच्या तोंडून "एवढ्यात एक फ्रीज आला असता" असे उद्गार निघतात. चिरंजीव मात्र आता आपण शर्यतीतले वीर झालो, अशा थाटात खुर्चीवर बसतात. आणि मग होते काय, की मोटार पहिल्याच वळणावर गवतात जाते. दुसऱ्या वळणावर भिंतीवर आदळते. चाक हातातून हिसके मारते, ब्रेक दाबावा तर खुर्चीच मागे पळते. पहिला आठवडा उत्साहाचा, दुसरा कुरबुरीचा, आणि महिन्याभरात चाक माळ्यावर! चिरंजीव म्हणतात, "यापेक्षा कीबोर्ड बरा." वडील म्हणतात, "मी आधीच सांगत होतो." खरे पाहता दोघांचेही म्हणणे बरोबर नसते. दोष चाकाचा नसतो आणि हाकणाऱ्याचाही नसतो. चाक लावलेलेच नसते.

'लावणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण तंबोरा लावतो, तबला लावतो. उत्तम तंबोरा विकत आणला आणि न लावताच छेडला, तर गायकाला सूर सापडेल काय? चाकाचेही तसेच आहे. ते टेबलाला जोडणे हे पाच मिनिटांचे काम. ते लावणे हा एका संध्याकाळचा उद्योग. ही एक संध्याकाळ ज्या घराने दिली, त्या घरात चाक वर्षानुवर्षे टिकते. ती कशी द्यावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

मुके चाक आणि बोलके चाक

खेळातले चाक ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत अटारी कंपनीने १९७४ साली 'ग्रॅन ट्रॅक १०' नावाचे, नाणे टाकून खेळावयाचे यंत्र काढले. त्याला चाक होते, गिअरचा दांडा होता, पेडल्सही होती. पण ते चाक मुके होते. तुम्ही फिरवाल तसे ते फिरे; उलट तुम्हांला काही सांगत नसे. पुढे १९८९ च्या 'हार्ड ड्रायव्हिन' या यंत्रात चाकाच्या मागे विजेची मोटर आली आणि चाक खेळणाऱ्याच्या हाताशी झटू लागले. आज घरोघरी येणाऱ्या चाकांत हीच विद्या आहे. तिला 'फोर्स फीडबॅक' म्हणतात.

ही विद्या समजून घेतली, की पुढचे सगळे सोपे आहे. खरी मोटार वळवून चाकावरचा हात सैल सोडला, तर चाक आपोआप सरळ होऊ पाहते. रस्त्याला धरून असलेल्या पुढच्या टायरांची ती ओढ असते. वळण जसे कसून घ्यावे तशी ही ओढ वाढत जाते. परंतु टायरांची पकड सुटण्याच्या बेतात आली, की ती ओढ एकाएकी कमी होते आणि चाक हातात हलके लागते. अनुभवी चालकाला मोटार घसरण्यापूर्वीच ती घसरणार हे कळते, ते यामुळे. डोळ्यांना दिसण्याआधी हातांना कळते!

चांगला खेळ टायरांचे हेच गणित क्षणाक्षणाला मांडतो आणि चाकामागच्या मोटरीला तेवढा जोर लावावयास सांगतो. म्हणजे चाक हे नुसते हुकूम देण्याचे साधन नव्हे. ते ऐकण्याचेही साधन आहे. पुढे सांगितलेली प्रत्येक मांडणी एवढ्याचसाठी आहे, की चाक जे सांगते ते आपल्याला स्पष्ट ऐकू यावे.

चाकांत तीन जाती आहेत. पहिलीत मोटरीचा जोर दातेरी चक्रांतून चाकाला मिळतो, दुसरीत पट्ट्यावरून, आणि तिसरीत चाक थेट मोटरीच्या दांड्यावरच बसवलेले असते. या तिसऱ्या जातीला 'डायरेक्ट ड्राइव्ह' म्हणतात. या लेखापुरते मी लॉजिटेक या मूळच्या स्विस कंपनीचे 'जी २९' हे चाक उदाहरणाला घेतो. ते २०१५ साली बाजारात आले, पहिल्या जातीचे आहे, आणि मध्यमवर्गीय घरांत पुष्कळ ठिकाणी तेच दिसते. त्याचा जोर सुमारे २ न्यूटन-मीटर. म्हणजे चाकाच्या कडेला साधारण दीड किलोचे वजन टांगल्यासारखा. डायरेक्ट ड्राइव्हची लहान चाकेदेखील ५ न्यूटन-मीटरच्या घरात जातात. कडेला साडेतीन किलो झाले! म्हणून असले चाक घरात असेल, तर अंगठे आऱ्यांत अडकवून धरू नयेत आणि लहान मुलांना एकट्याने त्याच्याशी खेळू देऊ नये.

आधी बैठक जमवा

लावण्याची सुरुवात कॉम्प्युटरपासून नव्हे, खुर्चीपासून करावी. पाठ टेकून बसावे. हात पुढे केल्यावर मनगट चाकाच्या वरच्या कडेवर सहज टेकले पाहिजे. म्हणजे प्रत्यक्ष धरताना कोपर थोडे वाकलेले राहते. घड्याळातले नऊ आणि तीन जिथे असतात, तिथे हात ठेवावेत. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला असावा.

आता आपल्या घरांतली खरी अडचण. या पेडल्सच्या तळाशी, सरकू नयेत म्हणून, दात बाहेर काढण्याची सोय आहे. पण ते दात गालिच्यात रुतण्यासाठी! आपल्या गुळगुळीत फरशीवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक दाबला की पेडल्स पुढे जातात आणि चाकांची खुर्ची मागे. उपाय अगदी घरगुती आहे. पेडल्स भिंतीला टेकवून ठेवावीत. भिंत दूर असेल, तर मध्ये एक फळी घालावी. खाली रबराची चटई अंथरावी. आणि चाकांची खुर्ची बाजूला सारून जेवणाच्या टेबलाची साधी चौपायी खुर्ची घ्यावी. काहीजण खुर्चीची पुढची चाके जुन्या बुटांत बसवतात; दिसायला विचित्र, पण काम चोख होते.

टेबल मात्र भक्कम हवे. घडीचे टेबल चाकाच्या हिसक्यांनी थरथरते, आणि हातांत येणारी निम्मी थरथर मग टेबलाचीच असते. तंबोऱ्याचा भोपळा सैल असून कसे चालेल?

जोडणी आणि तपासणी

पेडल्सची वायर चाकाच्या पोटाशी जोडायची, चाकाची एक वायर कॉम्प्युटरला, आणि दुसरी विजेच्या अडॅप्टरला. हा अडॅप्टर विसरला तर चाक जागे होत नाही. वीज मिळताच चाक स्वतःच दोन्ही टोकांपर्यंत गरागरा फिरून मधोमध येते. त्या वेळी त्याला हात लावू नये. ते आपला मध्य शोधत असते. मग प्रत्येक पेडल एकदा शेवटपर्यंत दाबून सोडावे, म्हणजे त्यांनाही आपली दोन्ही टोके कळतात.

यानंतर लगेच खेळ सुरू करू नये. आधी लॉजिटेकचा 'जी हब' हा प्रोग्राम घालावा. मग विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबून, येणाऱ्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल ही अक्षरे रोमन लिपीत टाइप करावीत. जोडलेल्या साधनांची यादी येते. तिच्यात आपले चाक निवडून गुणधर्मांचे पान उघडले, की चाक आणि पेडल्स प्रत्यक्ष हलताना दिसतात. इथे सगळे नीट हलत असेल आणि खेळात हलत नसेल, तर बिघाड चाकात नसून खेळाच्या मांडणीत आहे. एवढी एक गोष्ट कळली तरी दुकानाच्या निम्म्या खेपा वाचतात.

जी हबमध्ये तीनच गोष्टी पाहाव्यात. चाकाची फिरण्याची मर्यादा ९०० अंशांवर असावी. जे खेळ स्वतः जोर पाठवतात, त्यांच्यासाठी 'सेंटरिंग स्प्रिंग' बंद असावी. नाही तर ही कृत्रिम स्प्रिंग टायरांच्या बोलण्यात आपले तुणतुणे वाजवत बसते. आणि 'कम्बाइन्ड पेडल्स' बंद असावे. जुन्या खेळांसाठी अॅक्सिलरेटर आणि ब्रेक यांना एकाच काट्यावर धरण्याची ती युक्ती आहे. नव्या खेळात ती चालू राहिली, तर दोन्ही पेडल्स एकमेकांना खाऊन टाकतात.

नऊशे अंशांचे कोडे

९०० अंश म्हणजे अडीच फेरे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपल्या रोजच्या मोटारीचे चाक साधारण तेवढेच, किंवा थोडे अधिक फिरते. शर्यतीच्या फॉर्म्युला जातीच्या मोटारीचे मात्र एका फेऱ्याच्या आसपासच. मग प्रत्येक मोटारीसाठी मर्यादा बदलत बसायचे काय? नाही. 'असेत्तो कोर्सा' या २०१४ सालच्या इटालियन खेळाचे उदाहरण घेऊ. जी हबमध्ये ९०० आणि खेळाच्या पानावरही ९००, असा एकच आकडा दोन्हीकडे असला, की पडद्यावर मोटार बदलेल तसा पुढचा हिशेब खेळ स्वतः करतो. तपासावे कसे? मोटारीत बसून चाक पाव फेरा फिरवावे. पडद्यावरच्या चालकाचे चाकही बरोबर पाव फेरा फिरले, तर सूर जुळला. दोन ठिकाणी दोन आकडे ठेवले, की हात एक करतो आणि मोटार भलतेच करते. आणि शिव्या खाव्या लागतात चाकाला!

जोर किती असावा?

नव्या चाकाचा जोर सगळ्यात वर नेऊन ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पैसे दिले आहेत ना! पण गणपतीच्या मांडवातला कर्णा आठवा. आवाज वाढवत नेला की एका मर्यादेपलीकडे तो मोठा होत नाही, फाटतो. तबला, पेटी, गाणाऱ्याचा शब्द, सगळ्याचा एकच गोंगाट होतो. चाकाचे तंतोतंत असेच आहे. खेळाने मागितलेला जोर मोटरीच्या ताकदीपलीकडे गेला, की मोटर आपल्या शिखरावर अडकून बसते. मग टायरांची ओढ वाढली काय किंवा कमी झाली काय, हाताला सारखेच लागते. नेमकी जी गोष्ट ऐकण्यासाठी चाक घेतले, तीच बुडते. याला 'क्लिपिंग' म्हणतात.

असेत्तो कोर्सात पडद्यावर पेडल्सच्या पट्ट्या दाखवणारी एक छोटी चौकट लावता येते. तिच्यात जोराचीही एक पट्टी असते. ती एरवी करडी असते आणि क्लिपिंग झाले की लाल होते. खेळातला जोर प्रथम ७० टक्क्यांवर ठेवावा आणि ओळखीचे एक लांब वळण चार वेळा घ्यावे. वळणभर पट्टी लालच राहिली, तर जोर कमी करावा. कधीच लाल होत नसेल, तर थोडा वाढवावा. खाचखळग्यावर क्षणभर लाल झाली, तर काही बिघडत नाही.

दातेरी चाकांत अगदी मधोमध थोडी ढिलाई असते; सरळ रस्त्यावर चाक निर्जीव वाटते. त्यासाठी 'मिनिमम फोर्स' नावाची मांडणी आहे. ती चिमटीचिमटीने वाढवावी, आमटीत मीठ घालावे तशी. सरळ रस्त्यावर चाक आपोआप डावी-उजवीकडे थरथरू लागले, की मीठ जास्त झाले असे समजावे आणि एक पाऊल मागे यावे.

पायाखालची गोष्ट

घसरून गवतात जाणाऱ्या बहुतेक मोटारी हातामुळे नव्हे, पायामुळे जातात. जी २९ च्या ब्रेकमध्ये रबराचा एक ठोकळा आहे. थोडे दाबेपर्यंत पेडल सहज जाते, मग एकदम कडक होते. नवख्याला वाटते, ते अडकले आहे. ते अडकलेले नाही. खऱ्या ब्रेकचा कडकपणा यावा म्हणून ती योजना आहे. मात्र हे पेडल किती सरकले एवढेच मोजते. किती जोराने दाबले ते मोजत नाही. दाब मोजणारी महागडी पेडल्स वेगळी मिळतात. कुणाचा पाय शेवटपर्यंत पोहोचत नसेल, तर पूर्ण ब्रेकची मर्यादा खेळात थोडी अलीकडे आणता येते. पाय नुसता टेकला असताना ब्रेक लागत असेल, तर 'डेडझोन' एकदोन टक्के वाढवावा. त्याहून अधिक नको. बूट काढून, पायमोजे घालून बसावे. पायालाही ऐकू येते.

पडद्याची खिडकी

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. आपण खिडकीपाशी उभे राहिलो, की रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो. खोलीच्या आत सरकलो, की समोरचे एकच दुकान दिसते. कॉम्प्युटरचा पडदा ही अशीच खिडकी आहे. तिच्यातून किती अंशांचे दृश्य दिसावे, हे पडद्याच्या आकारावर आणि डोळ्यांच्या अंतरावर ठरले पाहिजे. या कोनाला 'फील्ड ऑफ व्ह्यू' म्हणतात, आणि असेत्तो कोर्सा तो उभ्या दिशेने मागते.

आकडेच घ्या. २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच असतो. डोळे त्यापासून ७० सेंटीमीटरवर असतील, तर बरोबर येणारा उभा कोन सुमारे २४ अंश. तोच पडदा ५० सेंटीमीटरवर आणला, तर ३३ अंश. कोन याहून फार मोठा ठेवला, की दृश्य ऐसपैस दिसते खरे, पण वळण आहे त्याहून दूर वाटते आणि ब्रेक उशिरा लागतो. मग मोटार गवतात! यावर पैसे न लागणारा उपाय म्हणजे पडदा चाकाच्या अगदी मागे, शक्य तितका जवळ आणणे. फार अरुंद दृश्याने गुदमरल्यासारखे होत असेल, तर चारपाच अंश वाढवून घ्यावेत. पण वाढवतो आहोत याची जाणीव ठेवावी. टेलिव्हिजनचा पडदा वापरत असाल, तर त्याची 'गेम मोड' ही सोय चालू करावी. नाही तर हात फिरल्यानंतर चित्र क्षणभर मागाहून येते.

पहिली मोटार कोणती?

सगळे लावून झाले की चिरंजीव थेट फेरारी काढतात. त्यांना थोपवावे. असेत्तो कोर्सातच अबार्थ ५०० ही चिमुकली मोटार आहे, आणि माज्योने हा सुमारे अडीच किलोमीटरचा लहानसा मार्ग आहे. पहिल्या दिवशी एवढेच. वेगाचा विचार न करता दहा फेऱ्या गवतात न जाता पुऱ्या कराव्यात. दर फेरीला, कोणत्या वळणावर चाक हलके लागले, ते मनात टिपावे. हलके लागले की चाक आणखी वळवू नये; उलट किंचित सोडावे, म्हणजे पकड परत येते. ही एक गोष्ट हाताला उमगली, की पुढे फेरारी आहेच.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र शर्यतीत ओढू नये. त्यांच्यासाठी प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ साली काढलेला 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा खेळ आहे. मालट्रक घेऊन गावोगाव जायचे. घाई नाही, आदळआपट नाही. आरंभीचे गाव ब्रिटनमधले निवडावे, कारण तिथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असते, आणि उजव्या बाजूला चाक असलेला ट्रकही घेता येतो. जेवणानंतर माल पोहोचवायला निघालेले आजोबा तासभर परतत नाहीत, अशी तक्रार मग आजीकडून येण्याचा संभव आहे.

आणि एक शेजारधर्माची गोष्ट. दातेरी चाक खडखडते आणि ब्रेकचा धपका खालच्या मजल्यावर पोहोचतो. पेडल्सखाली जाड चटई घालावी, आणि रात्री दहानंतर शर्यत बंद.

खरी मोटार आणि ही मोटार

या चाकावर हात बसला म्हणजे मोटार चालवता आली काय? या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पडद्यावरून खऱ्या शर्यतीत गेलेली माणसे आहेत. 'ग्रान टुरिस्मो' या खेळातून चालक निवडण्याची योजना २००८ साली सुरू झाली. तिचा पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनिएझ, आणि २०११ चा विजेता ब्रिटनचा यान मार्डनबरो. हे दोघेही पुढे ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरले. मार्डनबरोच्या आयुष्यावर २०२३ साली चित्रपटही निघाला.

परंतु चाकावर त्यांची निवड झाली, तरी खऱ्या मोटारीचे कसून शिक्षण घेतल्यावाचून त्यांना शर्यतीत कोणी उतरवले नाही, हे मुलांना अवश्य सांगावे. घरचे चाक दूरवर पाहायला शिकवते, हात शांत ठेवायला शिकवते, ब्रेक झटक्याने न सोडता हळूहळू सोडायला शिकवते. पण पाठीला बसणारा धक्का ते देत नाही. क्लच कुठे पकड घेतो ते सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे ते भीती शिकवत नाही. पडद्यावर आदळले की एक बटण दाबून पुन्हा आरंभ करता येतो. लक्ष्मी रोडवर सुटीच्या संध्याकाळी अचानक आडवे येणारे मूल पडद्यावर नसते, आणि तिथे आरंभाचे बटणही नसते. अठरा पूर्ण होऊन, परवाना हाती घेऊन, जाणत्या माणसाशेजारी बसून शिकण्याला पर्याय नाही.

तेव्हा या सुटीतली एक संध्याकाळ चाक लावण्याला द्या. एकाने खुर्चीवर बसावे, एकाने टेप घेऊन अंतर मोजावे, एकाने आकडे लिहावेत. आकडे लिहिणे हे महत्त्वाचे. कारण प्रोग्राम नवा झाला की कधी कधी मांडणी पुसली जाते, आणि मग पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. शिवाय उंच भावाची बैठक वेगळी, धाकट्या बहिणीची वेगळी, आजोबांचा जोर वेगळा. पाडव्याला नवी वही उघडाल, तेव्हा तिचे शेवटचे एक पान या हिशेबासाठी राखून ठेवा: नाव, खुर्चीचे अंतर, जोर, कोन. ज्याची पाळी येईल त्याने आपली ओळ पाहावी, चाक आपल्यापुरते लावून घ्यावे, आणि मग खुशाल निघावे.